बंद तास

मुलांनो, डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. त्या घरात मिक्सर नाही, कपडे धुण्याचं यंत्र नाही, पंखासुद्धा विचारून लावायचा. निसर्गावर भार होऊन जगायचं नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. येणारेजाणारे तोंडभरून कौतुक करायचे आणि आई ओले हात पुसत नुसती मान डोलवायची.

रोज संध्याकाळी सात ते आठ ‘बंद तास’ असे. चालू राहिलेलं सगळं हुडकून बंद करायचं काम धाकट्या लेकीकडे होतं, आणि ती कशाचीही गय करत नसे.

त्या दिवशी तिने दिवे मालवले, पंखा थांबवला. बाबा आरामखुर्चीत रेलले.

"अहाहा, काय शांत वाटतंय! झालं का गं सगळं बंद?"

न्हाणीघरातून धप् धप् आवाज येत होता. धाकटी आत डोकावली. मनगटाला पट्टी बांधलेली आई मेणबत्तीच्या उजेडात चादरी धोपटत होती.

"आई, तू कधी थांबणार गं?"

"माझं बटण कुठंय ते मलाच सापडत नाही बाई!" आई म्हणाली, पण हात थांबले नाहीत.

धाकटी बाहेर आली. "बाबा, एक चालू राहिलंय."

"मग बघतेस काय? कर बंद! नियम म्हणजे नियम."

 

धाकटीने आत जाऊन आईच्या हातातला साबण काढून घेतला आणि आणून बाबांच्या हातावर ठेवला.