रविवारचं पाणी

साल १९७१. बियाणं तपासून देणाऱ्या त्या प्रयोगशाळेत पंखा एकच होता, आणि तो माणसांसाठी नव्हता, बियांसाठी होता.

बाहेरच्या बाकावर सकाळपासून मुळेवाले बसले होते. मुळ्याचं बी पिकवायचे म्हणून सगळे त्यांना मुळेवालेच म्हणत. ओल्या टिपकागदावर त्यांच्या शंभर बिया ठेवायच्या आणि आठव्या दिवशी मोजायच्या; सत्तर रुजल्या तर माल विकायला परवानगी. त्यांच्या रुजल्या होत्या एकेचाळीस. ते भांडले नाहीत. शिपायाला एवढंच म्हणाले, की माझ्या बियांना काय झालं ते कुणीतरी सांगा, म्हणजे मी उठतो. शिपायाने त्यांना दोनदा पाणी दिलं, एकदा वर्तमानपत्र दिलं. ते उठले नाहीत.

आतून नवी मुलगी खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. तिला नोकरीला लागून अकरा महिने झाले होते, पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती. ज्या आत्याकडे ती राहायची, तिने ही बातमी अख्ख्या गल्लीला आधीच सांगून टाकली होती.

बियांना काय झालं ते मुलीला ठाऊक होतं. हंगामाची सुरुवात, मांडणीवर मुळेवाल्यांच्या बियांची तेवढी एकच बशी, आणि रविवारी पाणी घालायची पाळी तिची. ती मैत्रिणीकडे गेली आणि विसरली. सोमवारी येऊन बघते तर टिपकागद वाळून कडांनी वर वळलेला. तिने घाईघाईने पाणी घातलं आणि कार्डावर रविवारच्या रकान्यात सही केली. रविवारची सही सोमवारी करायची, ही तिथली रीतच होती. कार्डांच्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंकडे, आणि मोठ्या बाईंना रविवारी सुट्टी.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना तिने हे हळूच सांगितलं. ताईंची बारा वर्षं झाली होती. त्यांचं म्हणणं, एका दिवसाने बी मरत नाही, मालच हलका असणार. आणि कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव, मग बस हवं तेवढं खरं बोलत. मुलगी जरा हसली. मग कार्ड उचलून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून ठेवला.

"सही कुणाची?"

"माझी. सोमवारी केली."

मुलगी सही खोडायला वाकली, तशी बाईंनी कार्डावर हात ठेवला. "खोडू नका. ती राहू दे. तिच्याखाली लिहा, काय झालं ते."

मुलीने दोन ओळी लिहिल्या. बाईंनी खाली आपली सही केली. तपासणी पुन्हा होईल म्हणाल्या, आणि हेही म्हणाल्या की कायम होणं सहा महिने पुढे जाईल, तसं मला लिहावं लागेल. मुलीने मान हलवली.

"आता बाहेर जाऊन त्यांना सांगा."

"तुम्ही याल का बाई, बरोबर?"

"नाही. पाणी मी विसरले नव्हते."

मुलीने मुळेवाल्यांना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, रविवारी गेली होतीस कुठे? मैत्रिणीचं बाळ बघायला, ती म्हणाली. मुलगा की मुलगी? मुलगी. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"बाळं इथेही होती, पोरी. शंभर."

पुढच्या रविवारी मुलगी नऊला पोचली, तर मोठ्या बाई किल्ली घेऊन पायरीवर बसलेल्या आणि मुळेवाले बाकावर. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. तिघांनी मिळून एका बशीला पाणी घातलं. रविवारची सही रविवारी झाली.

आठव्या दिवशी रुजलेल्या बिया निघाल्या त्रेसष्ट. मुळेवाल्यांनी स्वतः दोनदा मोजल्या. माल नापासच राहिला. त्यांनी छत्री काखोटीला मारली.

"आता पटलं," ते म्हणाले. "हा आकडा माझा आहे."

ताईंनी पुढे बदली मागून घेतली, जिथे काही रुजत नाही आणि काही वाळत नाही अशा एका कचेरीत. मोठ्या बाईंनी कपाटाची दुसरी किल्ली करून मांडणीशेजारी टांगली, आणि चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. आत्या सहा महिने गल्लीला सांगत राहिली, की ऑफिसचे कागद हळूच हलतात. भाचीला तिने एका शब्दाने विचारलं नाही. मुलगी कायम झाली, आणि पुष्कळ वर्षांनी मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसली.

मुळेवाल्यांचा नमुना दर वर्षी तिथेच येत राहिला. पाकिटावर नावाखाली पेन्सिलीने एक ओळ असायची: रविवारी पाणी द्यावे. अठरा वर्षं ती ओळ चुकली नाही. एकोणिसाव्या वर्षी पाकीट आलं, त्यावरचं अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि नावाखालची जागा कोरी होती.

तिने पाकीट थोडा वेळ हातात धरलं. मग खणातून पेन्सिल काढली आणि ती ओळ तिथे लिहिली.