गुरुवारची गोळी

"गोळी घेतल्यावर आडवं का व्हायचं नाही?" डॉक्टर सुश्रुत यांनी विचारलं.

कलावती स्टुलावर ताठ बसली होती. डोक्यावरून पदर घेतलेला. पुढ्यात डॉक्टर, मागे पडद्यापाशी शिवानी सिस्टर. शिवानीचे ओठ नुसतेच हलत होते. शाळेच्या स्टेजवर मुलगा भाषणाला उभा राहिला, की खाली बसलेल्या आईचे हलतात तसे.

"आडवं झालं की ती परत वर चढते," कलावती म्हणाली. "अन्ननलिकेत बसते. तिथं जाळते. म्हणून अर्धा तास बसायचं, नाहीतर चालायचं. ताठ."

शिवानीने सोडलेला श्वास डॉक्टरांनाही ऐकू आला.

नौपाड्यातल्या या हाडांच्या दवाखान्यात जिन्याखाली एक खोली होती. तिच्यात जुन्या कुबड्या आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर राहत होतं. शिवानीला ती खोली हवी होती. एक टेबल, दोन खुर्च्या. कुठली गोळी कशी घ्यायची, का घ्यायची, हे पेशंटला तिथे बसून समजावायचं, एवढंच तिचं मागणं. डॉक्टरांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "तुम्ही सांगितलेलं पेशंटच्या डोक्यात रिक्षा मिळेपर्यंत राहतं," ते म्हणायचे. शेवटी वैतागून बोलून गेले, "नियम पाळणारा एक पेशंट दाखवा आणि खोली घ्या." असा पेशंट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे खोली सुरक्षित होती.

शिवानीने कलावतीला निवडलं. हा शुद्ध जुगार होता. वागळे इस्टेटमागच्या चाळीत राहणारी ही बाई मनगट मोडून आली होती. हाडांसाठी दिलेली पहिली गोळी, शिवानीने बजावूनही, तिने चहाबरोबर घेतली आणि परत झोपून गेली. दुपारी भर गर्दीत येऊन, "तुमच्या गोळीनं माझ्या छातीत होळी पेटवली!" असं तिने ठणकावलं. दोन पेशंट तेव्हाच उठून समोरच्या वैद्यांकडे गेले. डॉक्टरांनी ते दोघे अजून शिवानीच्या नावे मांडून ठेवले होते.

पण शिवानीच्या नजरेने एक गोष्ट टिपली होती. डॉक्टरांचा शब्द कलावतीच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर जात असेल, देवीचा शब्द मात्र आत राहायचा. एरवी डोळे उघडायच्या आधी तिला चहा लागे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मात्र पूजा होईपर्यंत ती चहाच्या भांड्याला हात लावत नसे. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. मार्गशीर्ष तोंडावर आला होता. शिवानीने गोळी गुरुवारला बांधून टाकली आणि तिचे नियम व्रताच्या कहाणीसारखे सांगितले.

"बरं, चहाबरोबर का नाही?" डॉक्टर बेरकी हसले.

"ती फार मानी आहे, साहेब." कलावतीचा आवाज जरा सुरात आला. "आपल्या अंगात हाडं बांधणारे असतात नि हाडं पोखरणारे असतात. वय झालं की पोखरणारे माजतात. ही जाऊन त्यांचे हात धरते. पण तिला दुसरं कुणी सोबत चालत नाही. चहा दिसला की रुसते. दूध दिसलं तर त्याच्याच गळ्यात पडते आणि रक्तात न जाता तशीच बाहेर निघून जाते. म्हणून उपाशीपोटी. एक भरला ग्लास साधं पाणी."

"आणि एखादा गुरुवार चुकला तर?"

"आठवेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक. मग पुन्हा आपला गुरुवार. एका दिवशी दोन कधीच नाही."

"तुमचा चुकला?"

"अगंबाई!" कलावतीने दोन्ही कानांना हात लावले. "चुकेल कसा?"

डॉक्टर हरले. त्यांनी ड्रॉवर उघडून जिन्याखालच्या खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. मग पेन उचललं.

"उत्तम. तर मावशी, गोळी अशीच चालू ठेवायची."

"चालू?" कलावतीने एकदा डॉक्टरांकडे, एकदा शिवानीकडे पाहिलं. "आता कशी चालू? काल शेवटचा गुरुवार झाला. मी उद्यापन केलं ना."

किल्लीकडे निघालेला शिवानीचा हात वाटेतच थांबला.

"मी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या," डॉक्टर म्हणाले.

"उरलेल्या ना? पाच सवाष्णी बोलावलेल्या. हळदकुंकू दिलं, केळं दिलं, आणि वाण म्हणून गोळ्या. कापून वाटल्या, पाकिटासकट."

"त्यांनी घेतल्या?" शिवानीने घाईने विचारलं.

"अशा कशा घेतील? चुकलं तर जाळते ती!" कलावती उठली आणि तिने पडदा सारला.

बाहेरच्या बाकावर पाच बायका बसल्या होत्या. एकीचीही पाठ भिंतीला टेकलेली नव्हती. प्रत्येकीच्या मुठीत चंदेरी पाकिटाचा तुकडा चमकत होता. एकीने तर येताना पाण्याचा भरला तांब्या आणला होता.

डॉक्टरांनी किल्ली शिवानीकडे सरकवली. "सिस्टर, आधी त्या गोळ्या ताब्यात घ्या," ते कुजबुजले. "मग काय समजवायचं ते समजवा."

"लवकर चला, सिस्टर," कलावती म्हणाली. "नियम मी सांगितलेत सगळ्यांना. पण कहाणी तुमच्याच तोंडून ऐकायचीय म्हणतात."