घोलपांचा नवा वकील

घोलप खुर्चीत टेकायच्या आतच रेगे वकीलबाईंनी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला.

“पोराच्या जामिनाच्या तारखेला माझा वकील कोर्टात फिरकलाच नाही. पोरगं कोठडीतच गेलं, बाई. त्या वकिलावर गेल्या वर्षी लावलेला दावाही बुडाला. आता पुन्हा लावायचाय.”

“नाव काय त्याचं?”

“ते कुठून आठवणार? केस संपली आणि गुप्ततेच्या कायद्यानं माझ्या डोक्यातून वकील पुसून टाकला. सगळ्यांचाच पुसतात.”

वकिलांच्या डोक्याला मात्र कायदा हात लावत नसे. त्या तारखेला आपण भाचीच्या साखरपुड्यात होतो, हे बाईंना नीट आठवत होतं. गेल्या वर्षीचा घोलपांचा दावाही त्यांनीच घेतला होता आणि बुडवला होता.

त्यांनी वकीलपत्र पुढे सरकवलं. घोलपांनी सही केली.

“मला साखर चालत नाही, हे कसं ओळखलंत?”

“चेहऱ्यावरून.”

घोलपांचे डोळे भरून आले. “तेव्हाच तुम्ही भेटायला हव्या होतात, बाई.”