फलाटावरचा कॅमेरा

निवृत्त झाल्यापासून अरुणाताईंची दुपार ठरलेली. फ्लॅटमध्ये चहा घेऊन बसायचं आणि आयर्लंडमधल्या एका स्टेशनाचा कॅमेरा लॅपटॉपवर लाइव्ह बघायचा. तिथली म्हातारी डिझेल इंजिनं अजून मालगाड्या ओढतात.

"एकदा समोर उभं राहून बघणार आहे मी."

"आई, दोन्ही गुडघे बदललेत तुझे. एकटीने कुठेही जायचं नाही," सौमित्र म्हणाला.

"त्या इंजिनाचं तरी काय बदलायचं राहिलंय? पन्नाशीला आलंय, पण त्याला कुणी घरी बसवलं नाही."

"ते इंजिन आहे, आई."

अरुणाताईंनी वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात लेकीने लंडनला बोलावलं, तेव्हा सौमित्रनेच हौसेने तिकीट काढून दिलं.

आज दुपारी त्याला ऑफिसात त्यांचा फोन आला. "माझा कॅमेरा लाव बघू. लवकर, गाडी येतेय."

"तुझ्याकडे नाही का दिसत?" कुरकुरतच त्याने तो लावला.

भोंगा वाजवत मालगाडी स्टेशनात शिरत होती. फलाटाच्या टोकाला जांभळ्या स्वेटरमधली एक बाई कॅमेऱ्याकडे बघून जोरजोरात हात हलवत होती.

"आई! तू तिथे..."

"अरे, मला काय बघतोस? इंजिन बघ!"