आतली कडी

"चोरून नेलेली फांदीच रुजते म्हणतात हं, वहिनी!" असं मोठ्यांदा सांगून धाकट्या नणंदेनं, शकूनं, जास्वंदीची फांदी कटकन मोडली.

परसातल्या पत्र्याच्या शेडभोवती ही बाग कुमुदताईंनी एकटीनं खपून उभी केली होती. आत कुंड्या, खुरपी आणि शेणखताची पोती. बाहेर मधुमालती, शेवंती आणि एक लाकडी बाक. निवृत्तीनंतर सकाळचा चहा त्या बाकावर बसून प्यायचा, एवढाच बेत होता. पण बाग फुलली आणि पाहुण्यांची रीघ लागली. येईल तो बाकावर टेकायचा, "काय निवांत वाटतं हो इथे!" म्हणायचा, आणि कुमुदताई आधण ठेवायला स्वयंपाकघरात जायच्या.

आजही त्या कपबश्या उचलत होत्या, तोच बाकावरून यजमान म्हणाले, "अगं, शकूला फांदीबरोबर एक कुंडीही दे."

कुंडी आणायला त्या शेडमध्ये शिरल्या. पाय भरून आले होते. दार लोटून त्या खताच्या पोत्यावर जरा टेकल्या. आत ओल्या मातीचा वास होता आणि कुणाला काही नको होतं. डोळे मिटले.

दार करकरलं आणि यजमान डोकावले. "इथे बसलीयेस होय? अजून एकदा चहा टाकतेस ना?"

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि बुचकळ्यात पडला.

"काकू, कुंड्यांच्या खोलीला आतून कडी? आतून कोण लावणार?"

"मी," कुमुदताई पोत्यावरूनच म्हणाल्या. "जरा घट्ट बसवा."