एकमताने मंजूर

हजेरीपुस्तकात देवीदासची सही करताना रत्नाकरचा हात आता अडखळत नसे. देवीदासला जाऊन तीन वर्षं झाली होती. पण दर तीन महिन्यांनी कंपनीच्या संचालकांची मीटिंग भरायची आणि कागदोपत्री तो न चुकता हजर असायचा.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी दोघा मित्रांनी ही छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. नव्या कचेऱ्यांना लोखंडी कपाटं लागणार, हे देवीदासने ओळखलं. शहराबाहेर उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभी राहिली, अठरा कामगार आले. आणि एके दुपारी देवीदास जेवता जेवता गेला. अशा कंपनीला कायद्याने किमान दोन संचालक लागतात. गेलेल्याचं नाव कमी करायचं तर फॉर्ममध्ये मृत्यूची तारीख लिहावी लागते. रत्नाकरच्याने ते होईना. आज लिहू, उद्या लिहू करता करता त्याने मित्राला कागदावर ठेवूनच घेतलं. पाप म्हणा, माया म्हणा, दोन्ही होतं.

हल्ली मात्र मीटिंगच्या दिवशी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याला बघवत नसे. तिथून कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटायचं. पाठ फिरवली तर पाठीला नजर जाणवायची. मग तो घाईघाईने इतिवृत्त लिहून मोकळा व्हायचा.

आजचा विषय मोठा होता. शेड विकायची. शेजारच्या कारखान्याला जागा हवी होती आणि पाच वाजता त्यांचा माणूस ठरावाची प्रत न्यायला येणार होता. कामगारांचं ते बघून घेतील, अशी रत्नाकरने मनाची समजूत घातली होती. तो थकला होता. त्याला मुलीकडे पुण्याला जायचं होतं. त्याने पेन उघडलं, तोच दार लोटून कुमुदवहिनी आत आल्या. देवीदासची बायको.

"नोटीस आली, भाऊजी," त्यांनी पर्समधून कागद काढला. "त्यांच्या नावानं. दर वेळी येते."

रत्नाकरने पेन खाली ठेवलं. मीटिंगची नोटीस आधी प्रत्येक संचालकाच्या घरी जावी लागते. टायपिस्ट रजिस्टर बघून ती इमानेइतबारे तेलीबांध्याला, देवीदासच्या घरी पाठवत राहिली होती आणि हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"वहिनी, मी सांगणारच होतो..."

"मी कुठं रागावली? पुस्तक द्या. ते काय काय बोलले, मले वाचायचं आहे."

त्या देवीदासच्या खुर्चीत बसून इतिवृत्त वाचत गेल्या. बारा मीटिंगा. देवीदास यांनी अनुमोदन दिले. देवीदास यांची सहमती. एकमताने मंजूर. एकमताने मंजूर. शेवटच्या पानाशी त्यांचे डोळे भरून आले.

"घरी भाजी कोणती करायची, यावर अर्धा घंटा भांडणारा माणूस तो. अन् इथं तीन सालात एकदाही नाही म्हटलं नाही? काहून? मले वाटलं, तुम्ही त्यांना जिवंत ठेवून राहिले, म्हणून मी गप्प होती. पण हा तर कोणी दुसराच बसवला तुम्ही त्यांच्या जागी."

पुस्तक मिटून त्या निघून गेल्या.

रत्नाकरने पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं. वहिनी बोलल्या त्यात खोटं काय होतं? जिवंतपणी देवीदासने एकही ठराव सुखासुखी होऊ दिला नव्हता. एक कामगार कमी करायचं काढलं तरी टेबलावर मूठ आपटायचा. मेल्यावर मात्र रत्नाकरने त्याचा नंदीबैल केला होता. लाजेने त्याचे कान तापले.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. रत्नाकरने मान वर केली आणि खुर्चीकडे सरळ पाहिलं.

"बोल देव्या," तो म्हणाला. "विकू?"

मग त्याने लिहिलं: 'शेड विकण्याचा प्रस्ताव. रत्नाकर अनुकूल. देवीदास यांचा सक्त विरोध. मते समसमान. ठराव नामंजूर.'

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तीन वर्षांत आज पहिल्यांदा देवीदास मीटिंगला आला होता.