गाडी दारात नको

"गाडी दारात नको लावू, पोरी. तिकडे भाताच्या गोदामामागे ने."

हादोंगकरणीनं फाटक अर्धंच उघडलं. साठ वर्षांपूर्वी ती हादोंगहून या गावात नांदायला आली, तेव्हापासून माहेरच्या गावाचंच नाव तिला चिकटलेलं. आरोग्य केंद्राच्या पांढऱ्या गाडीवर हातभर अक्षरं होती: घरपोच आरोग्य आणि आधार. ती दारात दिसली की गाव एकच समजे, सोलमधल्या मुलानं आईला वाऱ्यावर सोडलं.

नर्स सो-रिननं पाय पाहिला. साखरेच्या आजारानं अंगठ्याची जखम चिघळली होती.

"आजी, आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला हवी. नाहीतर पाय कापावा लागेल. पैसे पडत नाहीत."

"फुकट आहे म्हणूनच नको. समोर गुर्येकरीण राहते. तिची जीभ म्हणजे कोयता."

सो-रिन समोरच्या फाटकाकडे बघत राहिली. तिनं नकाराचा कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात हादोंगकरणीनं ठसक्यात लिहिलं, 'मुलगा सगळं बघतो.' मुलाचा फोन येऊन पाच महिने झाले होते.

गुर्येकरणीची धास्ती उगाच नव्हती. थंडी सरताना म्हातारा छोई केंद्राचा जेवणाचा डबा घेऊन चालला होता. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. "पोरं मेली वाटतं याची," हादोंगकरीण मोठ्यानं म्हणाली. गुर्येकरीण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. छोईनं दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला.

नोव्हेंबरात समोरच्या अंगणात पिकली फळं दोन दिवस तशीच पडून राहिली. हादोंगकरीण लंगडत बघायला गेली. गुर्येकरीण चुलीपाशी थंडगार पडली होती. रक्तदाबाची औषधं तिनं कित्येक महिने घेतलीच नव्हती, असं डॉक्टर म्हणाले.

माती झाल्यावर हादोंगकरणीनं आपणहून केंद्राला फोन लावला.

"ये पोरी. आता दारातच लाव गाडी. बघणारी गेली."

सो-रिननं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. ती रडायला लागली.

"तू का रडतेस? पाय माझा जाणार आहे."

"गुर्येच्या आजींकडेही मी तीनदा गेले होते," सो-रिन म्हणाली. "गाडी गोदामामागे लावून. त्यांनीही नकार लिहून दिला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे, आजी. हादोंगकरीण."